लहान भोंगा

“मोठ्या भोंग्याच्या आधी एक लहान वाजला होता ना रऊफभाई, तो साऱ्या गावात सगळ्यायच्या आधी मीच आयकला,” जगदेव म्हणाला आणि रऊफच्या बायकोने, सबिहाने पाठवलेल्या डब्याचं झाकण उघडून आत काय आहे ते पाहू लागला. रऊफच्या हातातला चहाचा कागदी कप ओठांपाशी पोचता पोचता थांबला. वाशिमच्या दवाखान्यातला बायकांचा वॉर्ड, मे महिन्याची सकाळ, साडेनऊलाच तापलेल्या खिडक्या. खाटेवर जगदेवची आई गोजराबाई, गुरुवारी भोंगा ऐकून जिन्यावरून घाईने उतरताना पडलेली, खुब्याचं हाड मोडलेलं, पायाला वजन बांधलेलं. जगदेव अगदी सहज बोलला होता. त्याचं कृषी केंद्र पाण्याच्या टाकीसमोरच, त्यामुळे टाकीवरच्या भोंग्याबद्दल बोलायचा हक्क आपल्यालाच जास्त असं त्याला पहिल्यापासून वाटायचं. “बस, गुर्र करून वर चढला अन् बसला. पावनेदोन झाले असतीन. मी लगेच ठान्यात भागवतले फोन लावला. म्हटलं, भोंगा वाजून राह्यला, काही आलं काय? त्याले तं काही मालूमच नव्हतं. मी सांगतलं म्हनून पुढं हाललं सारं,” असं म्हणताना त्याच्या आवाजात थोडा अभिमान होता, आणि तो का नसावा? औषधांचा गाडा वॉर्डात शिरला, त्याचं एक चाक किरकिरलं, आणि गोजराबाईने एकदम खाटेची कड धरली. “वाजला का रे?” जगदेव म्हणाला, “नाई माय, गाडा हाय गोळ्यायचा.” तिने डोळे मिटले, उघडले, समोर रऊफ दिसला तेव्हा तिचा चेहरा निवला. “रऊफ, तुह्या भोंग्यानं मले वाचोलं बाप्पा. मी वरतं कुरडया वाळू घालत होती. वरतंच असती तं काय झालं असतं?” काहीच झालं नसतं. कुरडया वाळल्या असत्या आणि ती संध्याकाळी जिन्यावरून सावकाश खाली आली असती. हे उत्तर रऊफच्या जिभेवर होतं आणि त्याला ते गिळताना चहापेक्षा जास्त चटका बसला. तो लहान भोंगा त्याचाच होता.

परतीच्या एसटीत त्याला खिडकी मिळाली, पण बाहेर काय दिसतंय तिकडे त्याचं लक्ष नव्हतं. तो गुरुवार पुन्हा पहिल्यापासून मांडत होता, पंप उघडून त्याचे भाग गोणपाटावर ओळीने ठेवावेत तसा. गावात एकोणतीस वर्षं भोंगा त्यानेच वाजवला. ग्रामपंचायत होती तेव्हापासून तो पाणीपुरवठ्यात पंप ऑपरेटर, आणि पंपाच्या खोलीतच भोंग्याचं बटण, म्हणून भोंगाही त्याच्याच गळ्यात. सकाळी नऊ, दुपारी बारा, संध्याकाळी सहा, रमजानमध्ये इफ्तारीचा एक जादा. मग हे युद्धाचे दिवस आले. रात्री टीव्हीवर लाल अक्षरं, चहाच्या टपरीवर नकाशे काढणारे लोक, आणि नगरपंचायतीचा हुकूम: रोजचा भोंगा बंद. आता फक्त हवाई हल्ल्याचा इशारा, वर-खाली, वर-खाली, पूर्ण दोन मिनिटं. आणि तोही दोन ठिकाणांहून निरोप आल्याशिवाय नाही, एक पोलीस ठाणं, दुसरी नगरपंचायतीची कंट्रोल रूम. दोघांनी सांगितलं तरच. हा नियम रऊफला फार आवडला होता. कुणीतरी डोकं लावलंय, असं तो सबिहाला म्हणाला होता. मग गुरुवारी दुपारी त्याला वाटलं, ऐन वेळेला मोटरच अडकली तर? धुळीचे दिवस. तो टाकीवर चढला, बेअरिंगला ग्रीस भरलं, खाली आला आणि मोटर मोकळी झाली का ते पाहायला बटणाला नुसता स्पर्श केला. अर्ध्या सेकंदाचा. ग्रीस भरल्यावर तो नेहमीच असं करायचा, एकोणतीस वर्षं करत आला होता, आणि आजवर त्या आवाजाकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नव्हतं. माणूस घसा साफ करतो तेवढाच तो आवाज. मग त्याने हात पुसले, भाकरी खाल्ली. दोन वाजता फोन आला. ठाण्यातला हवालदार भागवत, आवाज चढलेला: “रऊफभाई, इशारा हाय म्हन्तात, नगरपंचायतीतून आलं का तुमाले?” तो फोन ठेवतो न ठेवतो तोच कंट्रोल रूममधल्या रीता मॅडम: “ठाण्यातून कळलंय, इशारा आहे. वाजवा.” दोन झाले. दोघांनी सांगितलं. त्याने बटण दाबलं.

त्याचाच अर्धा सेकंद जगदेवच्या कानातून भागवतकडे गेला, भागवतकडून रीता मॅडमकडे, आणि दोघांच्या तोंडून हुकूम होऊन परत त्याच्याच खोलीत आला. आणि त्याने त्याला ओळखलंही नाही. स्वतःचं पोर साहेबाचे कपडे घालून दारात आलं आणि आपण उठून सलाम केला. एसटीत रऊफच्या पाठीवरून घाम ओघळला. समोरच्या सीटवर दोन जण मोबाइलमध्ये काहीतरी जळताना पाहत होते, आवाज मोठा करून. एक म्हणत होता, “आता एकच टाकून द्याले पाह्यजे, खतम.” तो ‘एक’ म्हणजे कोणता, ते त्याने सांगितलं नाही. सांगायची गरजही नव्हती.

रऊफला आठवलं, अठ्ठ्याण्णवच्या मे महिन्यात तो तीस वर्षांचा होता, नोकरीला दोन वर्षं झाली होती, आणि सरपंच स्वतः पंपाच्या खोलीत पेढे घेऊन आले होते. आपला बॉम्ब फुटला राजस्थानात, वाजव भोंगा, मनसोक्त वाजव. त्याने वाजवला होता. पेढा तोंडात होता आणि बोट बटणावर. लोक रस्त्यावर येऊन नाचले होते. पंधरा-वीस दिवसांनी तिकडच्यांनीही आपला फोडला आणि तिकडेही कुणीतरी मिठाई वाटली असणार, तिकडेही एखादा पंपवाला असेल, त्याचंही बोट. तेव्हा हे काही सुचलं नव्हतं. तेव्हा फक्त दुकानात बसलेले वडील नाचायला बाहेर आले नव्हते, एवढं आठवतं. वडील बिस्मिल्ला, घडीसाज, मशिदीच्या गल्लीत घड्याळदुरुस्तीचं चार फुटांचं दुकान, डोळ्यात कायम ते काळं भिंग. त्याच वर्षी की पुढच्या, गावाची वेळ अकरा मिनिटं मागे पडली होती. सगळं गाव रोज रिसोडची एसटी चुकवायला लागलं आणि सगळे कंडक्टरला शिव्या देऊ लागले, की लेकाचा आधीच गाडी काढतो. ठाण्याचं घड्याळ, बँकेचं घड्याळ, शाळेचं घड्याळ, सगळी एकच वेळ दाखवत होती, मग चूक एसटीचीच, दुसरं काय? बिस्मिल्लांनी भिंग काढून लेकाला विचारलं, “तू भोंगा कायवरून वाजवते?” बँकेच्या घड्याळावरून. “अन् बँकवाला घडी कायवरून लावते?” रऊफ जाऊन विचारून आला. भोंग्यावरून. वडील तेव्हा हसले नव्हते. म्हणाले, “दोन घड्या येकच टाइम दाखवतात तं पयले हे पाह्य, का येकीवरून दुसरी लावली तं नाई.” त्या दिवसापासून रऊफ रेडिओवरून घड्याळ लावत आला. अकरा मिनिटांची ती गंमत गावाने पुढे कित्येक वर्षं सांगितली. आणि एवढं शिकवलेलं असून गुरुवारी दुपारी, भर उजेडात, बिस्मिल्लाच्या पोराने दोन फोन मोजले आणि बटण दाबलं.

ही तर आपली माणसं. रीता मॅडम, भागवत, जगदेव. ज्यांच्याकडे ते दुसरं, बॉम्बचं बटण आहे, त्यांच्याकडे पडदे असतील, यंत्रं असतील, आपल्यापेक्षा दहापट शिकलेले लोक असतील, असं रऊफ स्वतःला समजावत होता, पण ते त्याला पटत नव्हतं. यंत्रं जास्त म्हणजे एकमेकांना विचारणारी तोंडंही जास्त. हे पडद्याला विचारणार, पडदा त्यांना विचारणार. आणि वेळ किती? क्षेपणास्त्राला इकडून तिकडे जायला म्हणे पाच-सात मिनिटं लागतात. एसटी स्टँडवर यापेक्षा जास्त थांबते. तीन वर्षांपूर्वी पेपरात आलं होतं ते त्याने तेव्हा वाचून सोडून दिलं होतं. नेहमीची देखभाल चालू असताना आपलं एक क्षेपणास्त्र चुकून सुटलं आणि सरळ तिकडे जाऊन पडलं. आत काही भरलेलं नव्हतं. कुणी मेलं नाही. सरकारने खेद व्यक्त केला. देखभाल. तोच शब्द. तिथेही कुणीतरी आपलं काम नीट व्हावं म्हणून हात लावला असेल, माझ्यासारखाच, हात पुसून भाकरी खायला निघाला असेल. आणि तिकडे, त्या पाच-सात मिनिटांत, कुणीतरी थांबला. पडद्यावर चढणारी ती रेघ पाहून त्याने उलट काही सोडलं नाही. कोण होता तो? त्याचं नाव कुठल्याच पेपरात आलं नाही. त्याच्यामुळे आपण सगळे अजून एसटीत बसून मोबाइल पाहतोय, आणि पुढच्या खेपेला तिथे तो नसेल, सुट्टीवर असेल, दुसरा कुणीतरी असेल, दोन फोन मोजणारा. रऊफने पुढच्या सीटची लोखंडी दांडी घट्ट धरली. त्याला भीती वाटत होती. ड्रोनची नाही, तिकडच्यांची नाही. नीट काम करणाऱ्या माणसांची भीती वाटत होती, आणि स्वतःच्या उजव्या हाताची.

सबिहाने ताट वाढलं आणि तो जेवत नाही हे तिला दुसऱ्या घासालाच कळलं. “काहून? गोजराबाई बरी हाय ना?” त्याने सगळं सांगितलं. पदराने भांडं पुसता पुसता ती थांबली आणि आधी उठून दार लावून आली. पलीकडच्या खोलीत नात नमरा चित्र रंगवत होती, तिच्याकडे एकदा पाहून आली. मग हळू म्हणाली, “कोनाले सांगतलं तुमी हे?” कुणालाच नाही. “मंग सांगू बी नका. जगदेवले मालूम नाई, भागवतले मालूम नाई. साहेबांनी तुमचा फोटो टाकला ग्रुपवर, शाबास म्हनले. झालं ना?” फोटो खरंच टाकला होता. टाकीखाली उभा रऊफ, खाली मुख्याधिकाऱ्यांनी लिहिलेलं, तत्पर कर्मचारी. गुरुवारचा ड्रोन अकोल्यावरूनच परत फिरला अशी बातमी गावाने आपापसात तयार करून पक्कीही केली होती. “पन सबिहा, तो नियम सडका हाय. दोघं सांगतात ते येकाचंच असते. पुन्हा तसंच होईन.” तिचे डोळे भरले होते, पण आवाज कोरडा होता. “लोक नियम ध्यानात नाई ठेवत. भोंगा कोनं वाजोला, खोटा भोंगा कोनं वाजोला, गोजराबाईचं हाड कोनामुळं मोडलं, हे ठेवतात. अन् नाव काय त्याचं? रऊफ. आजकालच्या दिवसात. तुमाले समजून राह्यलं का मी काय म्हन्ते?” समजत होतं. गेल्या चार दिवसांत टपरीवर तो पोचला की बोलणं एखाद्या श्वासापुरतं थांबायचं आणि मग जरा जास्तच मोकळेपणाने सुरू व्हायचं. एकोणतीस वर्षांत हे कधी झालं नव्हतं. फोटो आला तेव्हा त्याला लाज वाटावी इतकं हायसं वाटलं होतं, ते शाबासकीसाठी नव्हे. आता टपरीवर जाता येईल म्हणून. निवृत्तीला दहा महिने राहिले होते. “नाई सांगत,” तो म्हणाला, आणि ते खरंच होतं. त्या क्षणी तो सांगणार नव्हता.

पंपाच्या खोलीत तो दीडला पोचला. भिंतीवर हिरवं बटण, वर जुन्या बोर्डावर भोंग्याचा चिनीमातीचा फ्यूज, स्टुलावर मोबाइल. बाहेर गोजराबाईच्या गच्चीवर कुरडयांची चादर अजून तशीच, वाऱ्याने एका बाजूला गोळा झालेली, चिमण्या खात होत्या. बटण एवढं जवळ आहे हे त्याला आजवर कधी जाणवलं नव्हतं. खुर्चीत बसून हात लांबवला की पोचतं. मुद्दाम तसं लावून घेतलं होतं त्याने, उठायला नको म्हणून. दोन वाजून अकरा मिनिटांनी फोन थरथरला. भागवत. “रऊफभाई, वाजवा. भोंगा हाय म्हन्तात वाशिमले. पटकन.” रऊफने विचारलं, “कोनी सांगतलं?” “आरं फोन आला ना बाप्पा!” “कोनाचा?” तोवर दुसरा फोन आत शिरत होता. रीता मॅडम. “ठाण्यातून पक्कं आलंय, वाशिमला वाजलाय, वाजवा लवकर.” “मॅडम, तुमाले ठान्यानं सांगतलं, पन ठान्याले कोनी सांगतलं? वाशिमच्या ऑफिसातून कोनी बोललं का तुमच्याशी?” “तिकडची लाइन लागत नाहीये. रऊफभाई, तुम्ही प्रश्न काय विचारताय?”

दोन झाले. उजवा हात उठला होता. तो आपणहून उठला होता, नऊ वाजता उठायचा तसा, बारा वाजता उठायचा तसा. रऊफने त्याच्याकडे पाहिलं. मग त्याने त्याच हाताने बोर्डावरचा फ्यूज ओढून काढला, मुठीत धरला आणि खोलीबाहेर निघाला. कडुनिंबाच्या झाडापर्यंत साठ पावलं होती, त्याने मोजली. आता परत यायला साठ, फ्यूज बसवायला थोडा वेळ, मग बटण. एवढं तरी अंतर हाताच्या आणि भोंग्याच्या मध्ये पाहिजे. झाडाखाली उभा राहून त्याने वर पाहिलं. आभाळ नुसतं पांढरं. त्यात काही असेल तर? खरंच असेल तर? नमरा गच्चीवर गेली असेल का, सबिहा कपडे काढायला गेली असेल का? शाळेच्या पटांगणात पोरं क्रिकेट खेळत होती, त्यांचा आवाज येत होता, आणि त्या आवाजातला एकेक जण त्याने त्या दोन-तीन मिनिटांत आपल्या शिरावर घेतला. चुकलो तर हे सगळे माझे. तो तिकडचा, ज्याचं नाव कुणाला माहीत नाही, तोही असाच उभा राहिला असेल. त्यालाही पोरं असतील. रऊफला वाटलं, आत्ता त्याच्याशी बोलता आलं तर एवढंच विचारावं, भाऊ, तू ते कसं सहन केलंस?

तिसरा फोन मुख्याधिकारी साहेबांचा. “रऊफ, दोन्ही ठिकाणांहून निरोप आहेत. वाजवत का नाहीस?” आता काही तरी कारण सांगावं लागणार होतं, मोटर अडकली म्हणता आलं असतं, लाइट गेली म्हणता आलं असतं. जीभ तिकडे वळलीही. पण मग उद्या मोटर तपासायला कुणीतरी येईल, बटणाला नुसता स्पर्श करेल, आणि समोर जगदेव बसलेला असेल. “साहेब, गुरुवारचा पयला आवाज माहाच होता. मी ग्रीस भरलं अन् बटनाले हात लावला. तेच जगदेवनं आयकलं, तेच ठान्यात गेलं, तेच तुमच्या ऑफिसात गेलं. कुठून काहीच आलं नव्हतं. गोजराबाई माह्यामुळं पडली. आज बी आधी पाहा, पयले कोनं सांगतलं ते. तोवर मी वाजवत नाई.” मग साहेबांचा आवाज आला, वेगळाच, ऑफिसातला. “काय बोलतोयस ते कळतंय का तुला? हे मला लिहून घ्यावं लागेल. पूर्ण नाव सांग.” एकोणतीस वर्षं पगारपत्रकावर होतं ते. “लिहा साहेब,” तो म्हणाला. “रऊफ बिस्मिल्ला. पंप ऑपरेटर. दोन वाजून एकोणीस मिनटं.”

मग तो तिथेच झाडाच्या बुंध्याला टेकून खाली बसला. आभाळ पांढरं होतं ते पांढरंच राहिलं. पोरांपैकी कुणीतरी आउट झाला आणि भांडण लागलं. अडीचला रीता मॅडमचा फोन आला, आवाज पार उतरलेला. त्यांनी भागवतला खोदून विचारलं होतं. त्याला जगदेवने फोन केला होता, दवाखान्यातून. गोजराबाई झोपेतून ओरडत उठली, भोंगा वाजून राह्यला, भोंगा वाजून राह्यला, मले खाली न्या. पाय बांधलेला असताना खाटेवरून उतरायला लागली, दोन सिस्टरांनी धरून ठेवली. जगदेवला वाटलं, आईचे कान आपल्यापेक्षा तिखट, वाशिमला वाजला असेल. “दुसरं कुठंच काही नाही, रऊफभाई,” मॅडम म्हणाल्या. गुरुवारचाच आवाज. त्याने दोन मिनिटांनी बंद केला होता, पण म्हातारीच्या डोक्यात तो अजून चालू होता, आणि तिथून तो जगदेवच्या, भागवतच्या, मॅडमच्या तोंडाने पुन्हा बटणापाशी आला होता. रऊफ रडला. भीतीने रडला की सुटल्यामुळे, ते त्याला सांगता आलं नसतं.

खोलीला कुलूप घालून तो ठाण्याकडे निघाला. टपरीवरून गेला तेव्हा बोलणं थांबलं. या वेळी ते पुन्हा सुरू झालं नाही. साहेबांनी लिहिलं ते त्याच्या आधी पोचलं होतं. त्याने मान खाली घातली नाही, पण मानेमागे ऊन नसून नजरा आहेत हे त्याला प्रत्येक पावलाला कळत होतं. दौलतसिंगचं सलून, बँक, शाळेची भिंत. तो चालताना घड्याळ पाहत होता. सहा मिनिटं लागली. भागवत टेबलामागे बसला होता, टोपी काढून, तोंड उतरलेलं. रऊफने मूठ उघडून फ्यूज त्याच्या समोर ठेवला. घामाने तो ओला झाला होता. “हा तुमच्यापाशी राहू द्या. मी मागाले आलो तं बी लगेच देऊ नका. पयले मले विचारा, कोनी सांगतलं, अन् त्याले कोनी सांगतलं. अन् तुमी सांगाले आले तं मी विचारीन.” भागवतने फ्यूज उचलला नाही. तो पोलिसाच्या नाही, दोन पोरांच्या बापाच्या आवाजात म्हणाला, “अन् खरंच आलं तं, रऊफभाई?”

“तं मी चालत नाई, पयत येईन,” रऊफ म्हणाला.